येझदीच्या गळ्यात अडकलेलं हँडल लॉक: आधी पिन शोधा, मग हातोडी उचला

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी पोर्चमध्ये बारा-तेरा पावसाळे उभी होती. आता तुम्ही ती पूर्ण खोलली. इंजिन, टाकी, शॉकअप, टी (पुढचे शॉकअप आणि हँडल धरणारा तुकडा), सगळं निघालं आणि चेसिस उघडी झाली. फक्त गळ्यावरचं, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो तिथलं, हँडल लॉक निघत नाही. चावी घालून जोर दिला तर ती आतच तुटली. चार दिवस डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे मारला, काही हललं नाही. पावडर कोटिंगवाला (रंगाची पूड भट्टीत भाजून बसवणारा) म्हणतो कुलूप काढून आणा, तोवर चेसिस घेणार नाही. आणि काका म्हणतात, "गॅसनं उडवून टाक ना, काहून डोकं लावून राहिली?"

कोटिंगवाल्याचं ऐका, काकांचं ऐकू नका.

कोटिंगवाला बरोबर आहे, कारण पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० डिग्रीला भाजतात. कुलपाच्या आत वर्षानुवर्षांचं तेल, ग्रीस आणि तुम्ही मारलेला स्प्रे मुरलेला आहे. भट्टीत तो उकळून बाहेर येतो आणि नेमक्या गळ्यावरच, म्हणजे सगळ्यात आधी नजर जाते तिथे, रंगाला फोड येतात. काका चूक आहेत, कारण कुलूप बाजारात मिळतं, गळा मिळत नाही. आयडियल जावाचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. नव्या येझदी रस्त्यावर आल्या आहेत खऱ्या, पण त्यांची चेसिस वेगळी. तुमच्या हातात आहे ती एकच.

आता मुद्द्यावर येतो. अडकलेलं कुलूप दोन गोष्टींनी अडकलेलं असतं, आणि बहुतेक लोक दोन्हींना एकच समजून ठोकत सुटतात. पहिली गोष्ट म्हणजे कारखान्यानं मुद्दाम घातलेली अडकवण: एखादी पिन, ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू), झाकणाचा रिव्हेट, असं काहीतरी. दुसरी म्हणजे काळानं घातलेली अडकवण, गंज. गंजावर कितीही उपाय करा, पिन जागेवर असेल तर कुलूप केसभर सरकणार नाही. तुम्हाला वाटेल अजून तेल हवं. तेल नको असतं, पिन काढायला हवी असते.

गंजाचं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या स्प्रेनं काम का केलं नाही ते कळेल. मी एकदा असंच एक मेलेलं कुलूप हेक्सॉ ब्लेडनं उभं चिरून पाहिलं होतं. ते अजून गॅरेजच्या खिडकीत ठेवलंय, नवीन पोरं आली की दाखवतो. बाहेरचं अंग जस्ताच्या ओतकामाचं, करड्या रंगाचं. आत गाभा, त्यात पितळेच्या चार-पाच पातळ पत्र्या, प्रत्येक पत्रीला केसाएवढी बारीक स्प्रिंग. चावी पत्र्यांना एका रेषेत आणते, मग गाभा फिरतो आणि हँडल अडवणारी मागची जीभ पुढे-मागे होते. एवढंच यंत्र. पण अंगाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे ते चेसिसच्या नळीला टेकतं, तिथे पांढरा खडूसारखा थर दाबून बसला होता. नखानं खरवडला तर पीठ पडलं.

ते पीठ म्हणजे जस्ताचा गंज. जस्त आणि लोखंड एकमेकांना चिकटून आणि मध्ये ओल, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. तिच्यात जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घरावरच्या पत्र्याला जस्ताचा हात याच गुणासाठी देतात. इथे मात्र तो गुण आपल्या मुळावर येतो, कारण झिजलेलं जस्त मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं. नळीत जागाच नसते, मग ते स्वतःला पाचरीसारखं ठोकून घेतं. गाडी धुताना पाईपचं पाणी नेमकं चावीच्या भोकात जातं, पावसाळ्यात ओल राहते. बारा-तेरा पावसाळे म्हणालात ना, त्यातच सगळं आलं.

डब्ल्यूडी-४० हा गंज विरघळवत नाही. ते फटीत शिरतं आणि घर्षण कमी करतं, पण इथे फटच उरलेली नाही. तुम्ही मारलेलं बहुतेक सगळं चावीच्या भोकातून आत जाऊन पत्र्यांवर बसलं असेल. अंगाच्या बाहेरून ते गेलंच नाही.

जस्ताचा गंज आम्लात मात्र विरघळतो. तुमची चेसिस उघडी आहे आणि कुलपाचा जीव वाचवायचा नाही, म्हणून तुम्हाला हा उपाय सांगतो. पूर्ण गाडीवर मी तो करत नाही. इतवारीत किराणा ओळीत जा, ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड, लिंबाचं फूल, घेऊन या. कपभर गरम पाण्यात मोठा चमचाभर विरघळवा. चेसिस अशी आडवी करा की कुलपाचं तोंड वर येईल. तोंडाभोवती पोरांच्या खेळण्यातली क्ले किंवा घरची घट्ट कणीक लावून छोटी वाटी करा. गळ्याच्या आतल्या बाजूनं, जिथून जीभ बाहेर येते, ते भोकही क्लेनं बंद करा, नाहीतर सगळं पाणी गळ्यातून वाहून जाईल. मग ते पाणी वाटीत भरा. आधी तेल काढलं नसेल तर काही होणार नाही, म्हणून थिनरनं धुऊन घ्या आणि थिनर पूर्ण उडून जाऊ द्या. बारीक बुडबुडे दिसले की समजा काम सुरू झालं. दोन-तीन तासांनी पाणी बदला. रात्रभरापेक्षा जास्त ठेवू नका, कारण जस्त संपल्यावर ते लोखंडाकडे वळतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा आणि लगेच पातळ तेलाचा हात द्या. हे उघड्यावर करा, बंद खोलीत नको. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, शेजारी कुणी विडी ओढत बसायला नको.

एवढ्यानं कुलूप निघेल असं मी म्हणत नाही. त्याची पकड सैल होईल. आता पिन.

जुन्या गाड्यांत हे कुलूप धरून ठेवायच्या चार-पाच तऱ्हा मी पाहिल्यात. कुठे बाजूनं घातलेली पिन असते, ठोकून सपाट केलेली आणि वरून रंगवलेली. कुठे बारीक ग्रब स्क्रू, त्याच्या खाचेत रंग आणि पुट्टी भरलेली. कुठे तोंडावरचं झाकण एका रिव्हेटवर फिरतं आणि तोच रिव्हेट कुलूपही धरतो. काही कुलपांना बाहेरून काहीच नसतं. आतल्या एका पत्रीचा दात नळीच्या खाचेत बसलेला असतो आणि चावी ठराविक जागी फिरवली की तो आत जाऊन कुलूप हातात येतं. आणि काही ठिकाणी मागच्या कुणा कारागिरानं नळीची कड छन्नीनं आत वळवून टाकलेली असते, "आता नाही जात चोरी" म्हणून. चाळीस वर्षांच्या गाडीत कारखान्यानं काय केलं होतं यापेक्षा नंतरच्या हातांनी काय केलं ते महत्त्वाचं. म्हणून पुस्तकावर विसंबू नका, आपल्या गाडीकडे बघा.

तुमच्या वर्णनात आहे की कुलूप गळ्याला तिरक्या जोडलेल्या छोट्या नळीत बसलंय आणि तोंडावर स्क्रू किंवा रिव्हेट काही दिसत नाही. म्हणजे माझा पहिला संशय बाजूच्या पिनीवर आहे. ती शोधायची कशी ते नीट सांगतो, कारण निम्मं काम इथेच आहे.

नळीभोवतीचा सगळा रंग काढा. पेंट रिमूव्हर लावून पितळी ब्रशनं काढायचा. ग्राइंडर किंवा फ्लॅप डिस्क लावू नका. चाक फिरलं की पिनीची कड आणि नळी एकसारखी चमकतात आणि खूण पुसली जाते. दुसरं म्हणजे, बऱ्याच गाड्यांचा चेसिस नंबर याच गळ्यावर ठोकलेला असतो. त्याच्या आसपास ग्राइंडरचा ओरखडा दिसला की आरटीओत तपासणीच्या वेळी तुम्हाला नको ते प्रश्न विचारले जातील, आणि त्यात तपासणाऱ्या माणसाची चूकही नसेल. आधी नंबर शोधा, त्यावर दोन पदरी टेप लावा, मग हात लावा.

धातू उघडा झाला की बोटाच्या पेरानं नळी चाचपा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं. टॉर्च तिरका धरा, समोरून नाही. एवढ्यावर सापडली तर उत्तमच. नाही सापडली तर माझ्या उस्तादांनी शिकवलेली युक्ती करा. नळी कापडानं कोरडी पुसा. त्यावर रॉकेल लावा, रॉकेल नसेल तर डिझेल. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. मग पुन्हा कापडानं इतकं कोरडं पुसा की हाताला तेलकट लागणार नाही. आता खडूची पूड बोटानं हलकेच फासा, चेहऱ्याला पावडर लावतो तशी, आणि चहा घेऊन या. परत येईपर्यंत जिथे जोड आहे तिथून मुरलेलं तेल पुन्हा वर येतं आणि पांढऱ्या खडूवर बारीक करडी वर्तुळरेषा उमटते. वेल्डिंगमधली चीर शोधायलाही लोक हेच करतात. मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा जादूच वाटली होती. मोहरीपेक्षा थोडं मोठं वर्तुळ, इतकं स्वच्छ की कंपासनं काढल्यासारखं.

वर्तुळ दिसलं की त्याच्या बरोबर मधोमध सेंटर पंच मारा. एकदाच, पण नेमका. चुकला तर ड्रिल पिनीवरून घसरून नळीत शिरेल, कारण पिन आणि नळी यांचा कठीणपणा सारखा नसतो. भिंग लावायला लाजू नका, मी गेली काही वर्षं भिंगाशिवाय पंच मारत नाही. मग २ मिलिमीटरचं बिट, हळू वेग, तेलाचा थेंब. बिटला ५-६ मिलिमीटरवर टेप गुंडाळा, म्हणजे किती आत गेलो ते कळत राहील. आरपार जायचं नाही. भोक पडलं की त्यात बारीक सेल्फ-टॅपिंग स्क्रू दोन-तीन आटे घाला आणि पकडीनं स्क्रू ओढा. पिन स्क्रूसोबत येते. नाहीच आली तर बिट अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं वाढवत पिन खाऊन टाका, पण पिनीच्या मापाच्या आत थांबा. नळीचं भोक मोठं झालं तर नवीन पिन उभी कशावर राहणार?

पिन गेल्यावर आधी तुटलेल्या चावीचा तुकडा बघा. फ्रेटवर्कच्या करवतीचं बारीक पातं घ्या, दाते बाहेरच्या दिशेला ठेवून चावीच्या बाजूनं सरकवा, थोडं फिरवा आणि ओढा. तुकडा आला तर तो घेऊन चावीवाल्याकडे जा. दोन अर्धे तुकडे जोडून तो नवीन चावी कापून देतो. ती चावी चालली आणि गाभा फिरला, तर आतल्या पत्रीचा दात असेल तोही सुटेल. कुलपाच्या तोंडावर चावीचा नंबर कोरलेला असेल तर तो लिहून ठेवा. यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. बारा पावसाळ्यांनंतर पत्र्या बहुधा आपापल्या जागी जमून बसलेल्या असतात.

आता ओढणं. कुलपाला मागून ठोकता येत नाही, कारण मागे जिभेच्या भोकाएवढीच जागा असते आणि तिथून जोर जिभेवर येतो, अंगावर नाही. म्हणून पुढूनच ओढायचं. चावीच्या भोकाच्या मध्यावर ३ मिलिमीटरचं बिट चालवा, मग ५ मिलिमीटरचं. खोली १५ मिलिमीटरच्या आसपास. जस्त मऊ आहे, ते बिटच्या खोबणीत चिकटून बसतं, म्हणून दर दोन-तीन मिलिमीटरला बिट बाहेर काढून साफ करा. वाटेत पितळेच्या पत्र्या आणि स्प्रिंगा बिटाला अडकतील, ड्रिल हिसका देईल. दोन्ही हातांनी धरा आणि चष्मा घाला. ती केसाएवढी स्प्रिंग डोळ्यात गेली तर दिसतसुद्धा नाही.

५ मिलिमीटरच्या भोकात एम-६ चा टॅप मारा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे पाडा. मग लांब एम-६ बोल्ट किंवा स्टड त्यात पूर्ण घाला. नळीच्या तोंडापेक्षा मोठा सॉकेट किंवा पाईपचा तुकडा त्यावर उभा ठेवा, असा की तो नळीच्या कडेवर टेकेल आणि कुलूप त्याच्या पोटात येऊ शकेल. वर जाड वॉशर, त्यावर नट. नट आवळत गेलं की बोल्ट वर येतो आणि सोबत कुलूप. हा घरगुती पुलर. नट जड झालं की थांबा, बोल्टच्या डोक्यावर हलकी टिचकी मारा, पुन्हा पाव फेरा. जस्तातले आटे मऊ असतात, बळजोरी केली तर निघून येतील. आले तरी एक संधी उरते: ६.८ चं बिट आणि एम-८ चा टॅप. त्यानंतर मात्र संधी नाही.

इथे गरम करायचा प्रश्न येतो, आणि इथे बहुतेक सगळे मेकॅनिक चुकतात. मीही कितीतरी वर्षं चुकलो. अडकलं की गरम कर, ही आपली सवय. बेअरिंगच्या बाबतीत ती बरोबर असते, कारण बाहेरचं ॲल्युमिनियम लोखंडी बेअरिंगपेक्षा जास्त फुगतं. इथे गणित उलटं आहे. फुगणारं जस्त आत आणि कमी फुगणारं लोखंड बाहेर. जस्त लोखंडाच्या दुपटीहून जास्त फुगतं. म्हणजे गरम असताना तुम्ही ओढलं तर कुलूप आधीपेक्षा घट्ट. मग उपयोग काय? उपयोग थंड होण्यात आहे. गरम असताना फुगायला जागा नसलेलं जस्त स्वतःतच दबतं. थंड झाल्यावर ते मूळ मापापेक्षा किंचित लहान होतं आणि पांढऱ्या थराला तडे जातात. म्हणून हॉट एअर गननं नळी चांगली तापवा, पाण्याचा थेंब टाकला तर लगेच चर्र होऊन उडेल इतकी. मग पूर्ण थंड होऊ द्या. वाटल्यास ओलं फडकं गुंडाळा. असं तीन-चारदा करा आणि थंड असताना ओढा. एप्रिल-मे असेल तर दुपारी चेसिस गच्चीवर ठेवली तरी थोडं काम होतं. आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन काहीतरी कामी येऊ द्या. पण तेवढ्यानं भागत नाही, गन लागतेच. गळ्यात बॉल रेसच्या वाट्या (हँडल वळताना ज्यांत छर्रे फिरतात त्या) अजून असतील तर त्यांच्यातलं ग्रीस आधी पुसून घ्या, नाहीतर धूर होईल. आणि चेसिस आत्ताच थिनरनं धुतली असेल तर गन लावूच नका.

एवढं करूनही आलं नाही तर पोखरून काढायचं. वेळ जातो, पण हे हमखास काम करतं. बिट मोठं करत जा: ६.५, ८, ९.५, कुलपाच्या अंगाचं माप बघून. नळीच्या भिंतीपासून एक-सव्वा मिलिमीटर आधी थांबा. हाताच्या ड्रिलनं मध्य साधत नाही, हा इथला धोका. बिट एका बाजूला सरकतं आणि नळी खातं. त्यासाठी मी टर्नरकडून एक छोटा गाईड बुश करून घेतो, नळीच्या तोंडावर बसेल असा, मध्ये बिटच्या मापाचं भोक. हिंगणा एमआयडीसीत किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही लेथवर अर्ध्या तासाचं काम आहे. पाइपचा तुकडा आणि दोन मापं दिली की झालं. मग उरते ती पातळ टरफलासारखी नळी. हेक्सॉचं ब्लेड एका टोकाला कापड गुंडाळून हातात धरा, आतून टरफलाला एक उभी चीर द्या, आणि बारीक छन्नीनं कड आत वळवा. टरफल आकसलं की पकडीनं वाटाण्याच्या सालीसारखं ओढून येतं. चीर देताना आवाजाकडे लक्ष ठेवा. जस्त कापताना आवाज मऊ येतो, लोखंड लागलं की किरकिरतो. किरकिर ऐकली की थांबायचं.

काकांचा गॅस राहिला. तसं पाहिलं तर त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. हे जस्ताचं ओतकाम ३८० डिग्रीच्या आसपास वितळतं, आणि चेसिसच्या लोखंडाला तेवढ्यानं काही होत नाही. ब्रेझिंगचे, म्हणजे पितळ वितळवून केलेले, जोडही त्याच्या दुपटीहून जास्त तापमानाला सुटतात. पण गॅसची ज्योत ३८० ला थांबत नाही. ती धरणारा माणूस थांबला तर थांबते. वितळलेलं जस्त गळ्याच्या आत कुठे वाहून जमेल सांगता येत नाही. जास्त तापलं तर जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना विचारा, ते सांगतील. आणि काका ज्याला "उडवणं" म्हणतात ते कटरनं कापणं असेल, तर नळीसकट उडेल.

नळी फुटली तर काय होतं ते मला माहीत आहे. धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका ओळखीच्यांची जुनी बुलेट आली होती, कुलूप असंच अडकलेलं. पिन वगैरे मला काही माहीत नव्हतं. कुलपाच्या तोंडावर छन्नी ठेवली आणि दोन किलोच्या हातोडीनं घातले घाव. सातव्या-आठव्या घावाला 'टक्' असा कोरडा आवाज आला. मला वाटलं सुटलं. कुलूप जागेवरच होतं, तडा गळ्याच्या ओतकामाला गेला होता, केसाएवढा, तिरका. गाडी मालकाच्या वडिलांची होती. तो काही बोलला नाही, फक्त बोटानं तो तडा दोनदा चाचपला. ब्रेझिंग करून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण गळा म्हणजे पुढच्या चाकाचा सगळा मार झेलणारी जागा. ती गाडी रस्त्यावर दिसली की आजही माझी नजर आधी तिच्या गळ्याकडे जाते.

तुमची टी आधीच निघाली आहे, म्हणजे जीभ आत होती, हे नशीब समजा. ज्यांची गाडी हँडल डावीकडे वळलेलं असताना लॉक होऊन बसली आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. हँडलला हिसका देऊन जीभ तोडायला जाऊ नका. चोर तसंच करतो, आणि जीभ तुटायच्या आधी गळ्याचा स्टॉपर वाकतो. जीभ खालच्या टीच्या खाचेत अडकलेली असेल तोवर टी खालीही सरकणार नाही. गळा आणि टी यांच्या फटीतून पातळ हेक्सॉ ब्लेड जात असेल तर जीभ तिथेच कापा. जात नसेल तर वरची पोखरण्याची रीत गाडी उभी असतानाच करावी लागते, टाकी काढून आणि बॅटरी सोडून. आणि गाडी सोबत आरसी बुक आणा. कागद पाहिल्याशिवाय लॉक तोडून देणाऱ्या मेकॅनिककडे जाऊच नये, आणि मी तसा मेकॅनिक नाही.

कुलूप निघाल्यावर नळी आतून साफ करा. पांढरं पीठ उरलं असेल तर पॉलिश पेपर पेन्सिलला गुंडाळून फिरवा. मग व्हर्निअरनं आतलं माप घ्या, खोली मोजा, जिभेचं भोक कुठे आहे ते कागदावर काढा. हे सगळं कोटिंगला द्यायच्या आधी. नवीन कुलूप घ्यायला जाल तेव्हा तो कागद आणि जुन्या कुलपाचे तुकडे सोबत न्या. "येझदीचं हँडल लॉक" एवढंच म्हटलं तर दुकानदार हाताला येईल ते देईल. मिळालेलं कुलूप रंगाआधीच घालून बघा. थोडं घट्ट असेल तर कुलपाचं अंग कानशीनं उतरवा, नळी नव्हे.

कोटिंगवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. नळीच्या तोंडात आणि गळ्यातल्या बॉल रेसच्या जागी भट्टीत टिकणारे सिलिकॉनचे बूच लावायला सांगा. पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉन बसतो. व्यासावर तो दुप्पट धरा, म्हणजे नेमकं बसणारं कुलूप रंगानंतर जाणारच नाही, आणि तुम्ही पुन्हा हातोडी उचलाल. दुसरं, चेसिस नंबर. जाड पावडरीत आकडे बुजतात. आरटीओत नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, त्यात आकडे उमटले पाहिजेत. तिथे टेप लावून नंतर हातानं पातळ रंग मारायला सांगा. आरसीचं १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं, आणि तुमच्या बाबतीत वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर करायचीही असेल, म्हणजे हा नंबर वाचला जाणारच. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिसमध्ये फेरफार झालेला नसावा लागतो. तुमची येझदी २०३४ मध्ये त्या वयात येईल. गळ्यावरची कापलेली नळी तेव्हा तुम्हाला नडू शकते.

नवीन कुलूप बसवताना त्याच्या अंगाला बाहेरून ग्रीसचा पातळ थर द्या, जस्त आणि लोखंडाच्या मध्ये. चावीच्या भोकात मात्र ग्रीस नको, धूळ धरून चिकट होतं. तिथे ग्रॅफाइटची पूड, तीही चिमूटभर. मऊ पेन्सिलीचं शिसं खरवडून घातलं तरी चालतं. पिन नवीन घाला, पण ठोकून सपाट करू नका. अर्धा मिलिमीटर वर राहू द्या आणि तिच्यावर रंगाचा ठिपका द्या. पुढे कुणाला काढायची झालीच तर खडू लागणार नाही.

आणि जुन्या कुलपावर फिरणारं छोटं झाकण असेल आणि ते धड असेल तर ते ड्रिलच्या आधीच, रिव्हेट हळूच पोखरून, वेगळं काढून घ्या. नवीन कुलपांवर येतं ते पत्र्याचं असतं आणि पहिल्या पावसात गंजतं. जुनं घासलं की चमकतं. काडेपेटीत घालून ठेवा, बोल्टच्या डब्यात टाकलं तर सापडणार नाही.